उंटगाडीच्या पुढे चार दिवस

मांडवीला जायचं ठरलं तेव्हा मांडवी कुठे आहे हेही मला माहीत नव्हतं. कच्छमध्ये, समुद्राच्या काठी, एवढंच कळलं. तिथे काही हौशी लोक हिवाळ्यात चार दिवस किनाऱ्याने चालतात. सकाळी दहाएक किलोमीटर चालायचं, दुपारी बसने परत यायचं, तंबूत झोपायचं, दुसऱ्या दिवशी पुढचा किनारा. मी विचारलं, "चालून पोचायचं कुठे?"

"कुठेच नाही. नुसतं चालायचं," कमलेशजी म्हणाल्या.

कमलेशजी आमच्या मकानमालकीण. जयपूरला सोडाला नावाच्या भागात त्यांचं घर आहे. त्या खाली राहतात, आम्ही वर. आमचे हे रेल्वेत कीमॅन होते. कीमॅन म्हणजे आपल्या हद्दीतला रूळ रोज पायी तपासायचा, रूळ घट्ट धरून ठेवणारी लोखंडी चावी सैल झाली की हातोडीने ठोकून बसवायची. नोकरी होती तोवर आम्ही बनी पार्कच्या बाजूला क्वार्टरमध्ये राहिलो. रिटायर झाल्यावर भुसावळला परत जायचं होतं, पण मुलगी इथेच दिलेली, म्हणून सोडाल्यात खोल्या घेतल्या. चार वर्षं झाली. इतक्या वर्षांत जयपुरात माझी मैत्रीण म्हणावी अशी बाई एकच, कमलेशजी. त्या माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या. मी त्यांना जीजी म्हणते. त्या बोलतात, मी ऐकते. दोघींनाही ते बरं पडतं. आमचं बोलणं हिंदीत होतं, पण इथे मी ते बहुतेक मराठीतच लिहिते आहे.

जीजींना चालायची हौस नव्हती, पैज होती. त्यांचा मुलगा विवेक गुरुग्रामला नोकरीला. वडील गेल्यापासून तो मागे लागला होता की मम्मी, एकटी राहू नकोस, गुडघे गेलेत तुझे, घर विकून टाकू, माझ्याकडे ये. जीजी म्हणाल्या, "माझे गुडघे ठणठणीत आहेत." तो म्हणाला, "जिने चढताना बघितलंय मी." त्यावरून वाद झाला आणि पार्कातल्या योगावाल्या बायकांनी मांडवीचा कागद दाखवला तेव्हा जीजींनी फोनवर त्याला सांगितलं, "चारही दिवस माझ्या पायांनी चालले तर घराचं नाव काढायचं नाही." तो हसला आणि हो म्हणाला.

नियम असा होता की दोघादोघांची जोडी लागते. जीजींनी फॉर्मवर माझं नाव आधी लिहिलं आणि मग मला विचारलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, "तुम्हीच जा त्यांच्याबरोबर, तुम्हाला सवय आहे." हे म्हणाले, "मी चौतीस वर्षं चाललो. आता तू चाल."

घर विकलं गेलं तर आम्हालाही खोल्या सोडाव्या लागणार, हे आमच्यात कोणी बोललं नाही. पण मला ते माहीत होतं.

पहिला दिवस

रेल्वेचा प्रवास मी सांगत बसत नाही. भुजला उतरलो, बसने मांडवीला गेलो, संध्याकाळी तंबूत पोचलो. समुद्राचा आवाज येत होता, पण अंधार पडला होता म्हणून दिसला नाही. मला वाटलं जवळच कुठेतरी मालगाडी उभी राहून हवा सोडते आहे.

सकाळी उठून बाहेर आले तर समोर काहीच नव्हतं. म्हणजे घर नाही, झाड नाही, डोंगर नाही. जयपुरात कुठेही उभं राहिलं तरी नजर कशाला तरी जाऊन लागते, एखाद्या टेकडीला नाहीतर टाकीला. इथे नजर जातच राहिली. मला थोडी भीतीच वाटली. जीजी मागून येऊन म्हणाल्या, "इतकं पाणी, आणि आमच्याकडे नळाला दिवसातून एकदा."

आम्ही सगळे मिळून चाळीसेक जण होतो. मीराबेन म्हणून एक मांडवीच्याच रिटायर मास्तरीण सगळ्यांच्या पुढारी. पायात पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. त्यांनी प्रत्येक जोडीला एक कार्ड दिलं. रोजच्या चालीच्या शेवटी एक टेबल असतं, तिथे अकराच्या आत दोघांनी मिळून पोचायचं आणि ठप्पा घ्यायचा. चार ठप्पे झाले की चाल पुरी. सगळ्यांच्या मागून एक उंटगाडी येणार. ज्याला चालवत नाही त्याने गाडीत बसावं, लाज वाटायचं कारण नाही, पण त्या दिवसाचा ठप्पा मिळणार नाही.

मग प्रत्येकाने उभं राहून नाव सांगायचं आणि का चालतो ते सांगायचं, असं ठरलं. मी सरकत सरकत सगळ्यांच्या मागे गेले. पण जीजींनी आमच्या दोघींचं मिळून सांगून टाकलं. गुडघे, विवेक, घर, पैज, सगळं. "आणि ही सुनंदा, माझी साक्षीदार. ही बोलत नाही म्हणून हिच्यावर सगळ्यांचा विश्वास बसतो." लोक हसले. उंटगाडीवाले करसनकाका लांबून म्हणाले, "माझी गाडी साफ करून ठेवलीय बेन, गादी पण घातलीय."

"मी जयपूरजवळच्या बस्सीकडच्या गावातली आहे, काका," जीजी म्हणाल्या. "माझ्या बापाच्या दारात उंटगाडी होती. उंटाच्या देशातली बाई गुजरातेत येऊन उंटावर बसून हरेल होय?"

चालायला लागलो. माझी समजूत होती की वाळू ती वाळू. पण आमच्याकडची वाळू कोरडी, पायाखालून पळते. इथे पाणी नुकतंच सरकून गेलेल्या पट्ट्यावर वाळू सिमेंटच्या ओट्यासारखी घट्ट असते. दोन पावलं वर गेलं की पाय रुतला. चालायची जागा म्हणजे पाणी आणि कोरडी वाळू यांच्यामधली तेवढी पट्टी, आणि तीही हलत राहते. मी चपला हातात घेतल्या. बारीक बारीक खेकडे भोकातून बाहेर येऊन वाळूच्या गोळ्या करून ठेवत होते, मोहरीएवढ्या, आणि त्या गोळ्यांची नक्षी होत होती. मी बसून बघायला लागले तर जीजींनी दंड धरून उठवलं. "ठप्पा आधी, खेकडे मग."

दहा वाजून वीस मिनिटांनी पहिला ठप्पा मिळाला. जीजींनी त्याचा फोटो काढून विवेकला पाठवला.

दुसरा दिवस

या दिवशी जे झालं ते लिहिताना अजूनही कान गरम होतात.

पहिल्या दिवशी मीराबेनची माणसं वाटेत उभी होती. दुसऱ्या दिवशी किनारा लांबचा, मध्ये दोन ठिकाणी खाडीचं पाणी, वळून जायचं होतं. म्हणून पहाटेच कोणीतरी वाटेत झेंडे रोवून ठेवले होते. हे सकाळी सांगितलं असणार, पण तेव्हा मी सगळ्यांच्या मागे उभी होते आणि जीजी माझ्या कानाशी बोलत होत्या.

मोठमोठ्या पवनचक्क्या ओलांडून आम्ही पुढे गेलो. पुढची मंडळी वळणाआड दिसेनाशी झाली होती. मी चार पावलं पुढे, माझ्यामागे जीजी, त्यांच्यामागे राजकोटचं एक जोडपं आणि दोन बहिणी. वळलो आणि वाळूत मधोमध लाल झेंडी.

मी थांबले.

ज्या घरात चौतीस वर्षं दाराआड लाल आणि हिरवी झेंडी टांगलेली असते त्या घरातल्या बाईला हे वेगळं शिकवावं लागत नाही. आमच्या पोरीला चालता येण्याआधी कळत होतं. लाल दिसली की थांबायचं. का, ते नंतर. समोर रूळ तुटला असेल, रूळ दुरुस्त करणारी गँग काम करत असेल, ते तुला दिसत नाही, ज्याने झेंडी लावली त्याला दिसलंय. हे नेहमी म्हणायचे, लाल झेंडीला प्रश्न विचारणारा माणूस रेल्वेत टिकत नाही.

"काय झालं?" जीजींनी विचारलं.

"लाल आहे," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. राजकोटवाले थांबले. त्यांना वाटलं या बाईला समुद्राचं काहीतरी माहीत असणार, भरती येणार असेल. दोन बहिणींनी तर पिशव्या खाली ठेवून शेंगदाणे काढले. मी हिरव्या झेंडीची वाट बघत उभी होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मला आतून वाटायला लागलं होतं की काहीतरी चुकतंय, पण पाच माणसं माझ्यामागे थांबलेली, आता काय सांगायचं आणि कसं, म्हणून मी आणखी ताठ उभी राहिले. लाजाळू माणसाचं हे असं असतं. चूक कळते, पण तोंड उघडण्यापेक्षा चूक चालू ठेवणं सोपं वाटतं.

शेवटी मागून घंटा वाजवत उंटगाडी आली. करसनकाकांनी लगाम ओढला. "केम ऊभा छो, बेन?" म्हणजे का उभ्या आहात.

मी झेंडीकडे बोट दाखवलं.

"अरे, ए तो रस्तो बतावे छे!" काका म्हणाले. झेंडी वाट दाखवायला होती. जिथे लाल दिसेल तिकडे जायचं होतं.

राजकोटवाले आणि त्या बहिणी हसत हसत पळाले आणि पोचलेही. जीजींना पळता येत नव्हतं. आम्ही टेबलापाशी गेलो तेव्हा अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती आणि टेबलाच्या घड्या करून ते जीपवर चढवत होते.

जीजी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. बसमध्ये खिडकीला डोकं लावून बसल्या. चार वर्षांत त्या अशा गप्प मी कधी पाहिल्या नव्हत्या. तंबूत आल्यावर एवढंच म्हणाल्या, "विवेकला काय पाठवू आज?"

मी दुपारचं जेवण केलं नाही. मीराबेनच्या तंबूबाहेर गेले. आत त्या कोणाशी बोलत होत्या. मी परत फिरले. पुन्हा गेले. तिसऱ्या वेळी त्यांनीच हाक मारली, "आवो ने, कितनी परेड करोगे?"

मी सांगितलं. झेंडी, ह्यांची नोकरी, सगळं. हिंदी नीट जुळेना, मध्ये मराठीच बोलत होते. मीराबेन आधी इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यांनी डोळे पुसले आणि मास्तरणीसारखा चेहरा केला. "ठप्पा तर देता येणार नाही. एकीला दिला तर उद्या दहा येतील. पण शेवटचे दोन किलोमीटर वेळेत झाले नाहीत, बरोबर? उद्या सकाळी सगळ्यांच्या आधी तेवढे पुन्हा चाला. मी स्वतः ठप्पा घेऊन उभी राहते."

जीजींना सांगितलं तेव्हा त्या उठून बसल्या. "तू गेलीस? एकटी? बोललीस?" मग त्यांना हसू यायला लागलं. "म्हणजे इंजिन माझ्या घरचं आणि सिग्नल तुझ्या घरचा."

तिसरा दिवस

पहाटे जीपने आम्हाला नेऊन सोडलं. ते दोन किलोमीटर मला चारही दिवसांतले सगळ्यात आवडले, हे मी जीजींना सांगितलेलं नाही. ओहोटी होती. समुद्र इतका आत गेला होता की ओली वाळू आरशासारखी आणि तिच्यात आभाळ. दोन माणसं जाळं ओढत होती, त्यांची उलटी चित्रं पायाशी. मीराबेन समोर एकट्या उभ्या होत्या, हातात ठप्पा आणि शाईची डबी. सूर्य वर येता येता ठप्पा मिळाला.

पण मग लगेच त्या दिवशीचे दहा चालायचे होते. बाकीचे ताजे, आम्ही बारा चालणार. सातव्या किलोमीटरला जीजींचं बोलणं कमी झालं, आठव्याला बंद झालं. ठप्पा वेळेत मिळाला, पाच मिनिटं राखून. बसच्या पायऱ्या मात्र त्या दोन्ही हातांनी दांडा धरून चढल्या. तंबूत सलवार वर केली तर उजवा गुडघा नारळासारखा.

मी स्वयंपाकाच्या छपरीत गरम पाणी मागायला गेले. तिथे जेठीबेन नावाची बाई बाजरीचे रोटले करत होती. पोळपाट नाही, काही नाही, दोन तळव्यांत थापून थापून ताटाएवढा रोटला करायची आणि मातीच्या तव्यावर टाकायची. मी बघत उभी राहिले. तिने खुणेने विचारलं, करतेस? मी परातीत पीठ घेऊन आमच्यासारखी भाकरी थापली, हाताने फिरवत. ती बघून तिने शेजारणीला हाक मारली. माझी भाकरी पातळ, तिचा रोटला जाड, पण फुगले दोन्ही. तिला माझं बोलणं कळत नव्हतं, मला तिचं. तरी जयपुरात शेजारणींशी वर्षभरात बोलले नसेन इतकं आम्ही तिथे बोललो. गुडघ्याचं कळल्यावर तिने जाडं मीठ तव्यावर भाजलं, फडक्यात बांधलं आणि स्वतः येऊन जीजींचा गुडघा शेकला. जेवायला तिने रोटल्यावर तूप आणि गूळ ठेवला. आमच्याकडे भाकरीवर तेल-चटणी, इथे गूळ. मला आमचंच आवडतं, पण त्या दिवशी गूळ गोड लागला.

संध्याकाळी बाकीचे नदीकाठी लाकडी जहाजं बांधतात ती बघायला आणि दाबेली खायला गेले. मी म्हटलं, मी नाही जात. जीजी म्हणाल्या, "जा. माझ्यासाठी एक आण." मी गेले. तीन मजली घराएवढं जहाज, आणि ते माणसं हाताने बांधतात. फटींत कापूस ठासून वरून ठोकतात, म्हणजे पाणी आत येत नाही. एक म्हातारा हातोडी मारत होता आणि प्रत्येक ठोक्यानंतर कान लावत होता. हे चावी ठोकताना असाच कान लावायचे. मी बराच वेळ तिथे उभी होते.

चौथा दिवस

सकाळी जीजींनी गुडघ्याला ओढणी घट्ट बांधली. "आज तू पुढे चालायचं नाहीस," त्या म्हणाल्या. "न जाणो, कुणाचं लाल लुगडं वाळत असेल."

आठ किलोमीटर त्यांनी कसे काढले ते मी बघितलं आहे. एक हात माझ्या खांद्यावर. मध्ये मध्ये थांबून समुद्राकडे बघायच्या, जणू देखावा बघताहेत. करसनकाका मुद्दाम गाडी लांब ठेवत होते, घंटासुद्धा काढून ठेवली होती.

गावाचा किनारा दिसायला लागला. टेबलावरची रंगीत छत्री दिसत होती. आणि तिथे एका ओल्या खड्ड्यात पाय वाकडा पडला आणि जीजी खाली बसल्या. उठता येईना. मी काखेत हात घालून उचललं, दोन पावलं टाकली, पुन्हा बसल्या. भरती सुरू झाली होती, पाणी पावलांना लागत होतं.

काका गाडी घेऊन आले आणि शेजारी उभे राहिले.

"मी सरपटत जाईन," जीजी म्हणाल्या.

"जीजी, बसा गाडीत."

"सुनंदा, तुला कळतं का काय म्हणतेस?"

मला कळत होतं. त्यांचं घर, आमच्या खोल्या, रोजचा चारचा चहा. आणि परवा मी झेंडीपाशी थांबले नसते तर काल दोन किलोमीटर जास्त झाले नसते, हेही कळत होतं. मी म्हटलं, "बसा." इतक्या मोठ्या आवाजात मी जन्मात कुणाला काही सांगितलं नसेल. त्या बसल्या. गाडीत पाठ करून बसल्या, म्हणजे छत्री दिसू नये. मी गाडीची कड धरून शेवटपर्यंत चालले.

मीराबेनने कार्ड हातात घेतलं, बघितलं आणि तसंच परत दिलं. तीन ठप्पे, एक जागा रिकामी.

जीजींनी फोन लावला तेव्हा मी शेजारीच होते. "हो गया बेटा! चारों दिन! एकदम बढ़िया!" त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. माझ्याकडे बघितलं नाही. तिकडून विवेक काहीतरी बोलला. जीजींचा चेहरा उतरला. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "तुझ्याशी बोलायचंय म्हणतो."

विवेकशी मी कधी बोलले नव्हते. तो यायचा तेव्हा मी वरूनच नमस्ते करायची.

"आंटी, सच बताइए. पूरा चलीं?"

जीजी माझ्याकडे बघत होत्या. मी खाली वाळूकडे बघितलं.

"नहीं," मी म्हटलं. "आखिर में थोड़ा गाड़ी में बैठीं. घुटना सूजा है. लेकिन गलती मेरी थी." आणि मी झेंडीचं सगळं सांगितलं. आदल्या दिवशी बारा किलोमीटर झाले तेही सांगितलं. जीजी तोंड फिरवून नारळपाण्याच्या गाडीकडे चालू लागल्या, लंगडत.

मी फोन कानापासून काढून बघितला. मला वाटलं फोन कटला.

मग तो म्हणाला, "आंटी, मम्मी मुझे कभी सच नहीं बतातीं. पिछले साल बुखार में पड़ी थीं, फोन पर बोलीं, शादी में आई हूँ. मुझे घुटनों का डर नहीं है, इसी का डर है." पुढे म्हणाला, "आप हर इतवार मुझे फोन करेंगी? जैसा है वैसा बताएँगी?"

मी "हो" म्हटलं. मराठीतच म्हटलं, पण त्याला कळलं.

"तो फिर रहने दीजिए उन्हें जयपुर में."

मी पळत जाऊन जीजींना सांगितलं. त्यांनी नारळ खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे माझ्याच घरात माझ्यावर चौकीदार!" पण माझा हात त्यांनी सोडला नाही, बस येईपर्यंत.

आता दर रविवारी जेवण झाल्यावर मी विवेकला फोन करते. जीजी समोर बसून डोळे वटारतात. मी आहे तसं सांगते. डॉक्टरकडे गेल्या, गेल्या नाहीत, गोळी घेतली, विसरल्या. मागच्या रविवारी मी सांगितलं की मम्मीने तेलकट बंद असताना दोन कांद्याच्या कचोऱ्या खाल्ल्या. जीजी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी चारला वर आल्या, हातात कागदाचा पुडा.

"घे, ही तुझी," त्या म्हणाल्या. "आणि रविवारी त्याला हेही सांग, की तूसुद्धा खाल्लीस."